‘दादा, आपलं कायतरी लाव की’

लग्न-हळदीत डीजेकडे येणाऱ्या फर्माईशी कशा हाताळाव्यात, त्याबद्दल हे लिहितोय. पण आधी शब्दाचा घोळ. सातारा-सांगलीकडे ‘डीजे’ हा शब्द माणसासाठी कमी आणि गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीसाठी जास्त वापरतात. ‘डीजे सांगितलाय’ म्हणजे साउंड सांगितलाय. त्याच भिंतीचं दुसरं नाव ‘डॉल्बी’. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. वरातीतल्या बेसच्या खोक्यांशी त्या कंपनीचा संबंध नाही, पण शब्द रुळला तो रुळला. त्यामुळे हाउस किंवा टेक्नो हे यंत्रांवर घडवलेलं नाचाचं संगीत वाजवणाऱ्याने ‘मी डीजे’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती बेस, किती टॉप?’ म्हणजे खर्जाचे स्पीकर किती आणि वरच्या सुरांचे किती.

हा घोळ बुकिंगच्या फोनवरच मिटवावा. दोन प्लेअर, मिक्सर, हेडफोन आणि एकसारखे भरलेले दोन पेनड्राइव्ह आपले. टॉप, बेस, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर हे साउंडवाल्याचं. कोणतं संगीत वाजणार तेही तेव्हाच सांगायचं, आणि नुसती नावं सांगून भागत नाही. दहा मिनिटांचा नमुना पाठवावा आणि यजमानांनी तो ऐकल्यावरच तारीख पक्की करावी. कार्यक्रमात जी भांडणं होतात त्यातली बरीचशी या दहा मिनिटांत टळतात.

आता फर्माईशीकडे. ‘डीजेला गाणं सांगणं म्हणजे त्याचा अपमान’ हा विचार बाहेरच्या क्लबांतून आलेला आहे, आणि मला तो आपल्याकडे लागू करणं चुकीचं वाटतं. सांगली नाट्यपंढरी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे नाटक उभं केलं आणि पुढे संगीत नाटकात वन्समोअर देणारा प्रेक्षक या भागातही तयार झाला. तमाशात तर फर्माईशीला खेळातच जागा असते. म्हणजे इथला प्रेक्षक काही मागतो तेव्हा तो त्याचा जुना हक्क बजावत असतो. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. वन्समोअर ऐकलेल्या पदालाच मिळतो, गायक त्याच रागात परत फिरतो, संगत तुटत नाही. डीजेला आलेली फर्माईश बहुतेक वेळा चालू लयीच्या आणि चालू सुराच्या बाहेरची असते. तिच्यासाठी सेटमध्ये, म्हणजे सलग वाजवायच्या गाण्यांच्या मालिकेत, आधीच जागा ठेवली नसेल तर तासभर उभारलेलं सगळं एका गाण्यात कोसळतं.

म्हणून फर्माईश ऐकताना गाण्याच्या नावाआधी त्यामागची मागणी ओळखावी. ‘नुसतं धाडधाड काय लावलंय’ याचा अर्थ बहुधा शब्द हवेत, माणसाचा गळा हवा. अशा वेळी पुढचं गाणं गायलेलं निवडलं की तक्रार मिटते, शैली बदलावी लागत नाही. ‘आपलं कायतरी लाव’ म्हणणाऱ्याच्या मनात पुष्कळदा ठरावीक गाणं नसतंच, त्याला ओळखीचं वाद्य हवं असतं. यासाठी हलगीचे सहा-आठ लूप जवळ असावेत, प्रत्येकी ४ किंवा ८ बारचे, १२४ ते १२६ बीपीएमचे. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, बार म्हणजे चार ठोके, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. ते नेटवरून न उचलता गावातल्या हलगीवाल्याला योग्य बिदागी देऊन मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर, वाजवून घ्यावेत आणि त्याचं नाव लिहून ठेवावं. हलगी शेकल्यानंतर लगेच रेकॉर्ड करावी. कातडं गार होत गेलं की आवाज उतरतो आणि पहिल्या व शेवटच्या लूपचा मेळ बसत नाही. वाजवताना हलगीचा २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, खालचा सगळा भाग किकसाठी, म्हणजे खर्जातल्या मुख्य ठोक्यासाठी, मोकळा राहू द्यावा. दोन्हींचा खर्ज एकत्र आला तर मोठ्या साउंडवर नुसती गदगद ऐकू येते, ना किक कळते ना हलगी.

नाव घेऊनच गाणं मागितलं, तर ‘आत्ता लाव’ हे का जमत नाही ते हिशेबाने सांगता येतं. १२८ बीपीएमच्या हाउस गाण्यात ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट. गाण्याचे टप्पे ८, १६ किंवा ३२ बारांचे असतात, म्हणजे १५, ३० किंवा ६० सेकंदांचे. चालू टप्पा संपेपर्यंत एक मिनिट जाऊ शकतं, नवं गाणं शोधून, चढवून, हेडफोनवर लावून घ्यायला अर्धं मिनिट, चालू गाण्यात मिसळायला आणखी एक. सगळं हाताशी असेल तरी अडीच मिनिटं लागू शकतात. टप्प्याच्या मध्येच गाणं बदललं तर नाचणाऱ्याचं पाऊल चुकतं. कारण त्याला सांगता येत नाही, पण मजा गेलेली त्याला कळते. म्हणून उत्तर एकच ठेवावं: ‘काका, हे आणि पुढचं झालं की लावतो.’ आणि मग खरंच लावावं. ‘लावतो लावतो’ म्हणून टाळणं मला पटत नाही. लावायचं नसेल तर तोंडावर सांगावं, ‘ताई, हे आज माझ्याकडे नाही, याच्याजवळचं दुसरं लावू का?’

एक साधी सोय करावी. मिक्सरशेजारी एक जुना मोबाइल नोट्स उघडून, मोठ्या अक्षरांत, स्क्रीन बंद न होईल असा ठेवायचा आणि मागणाऱ्याला त्यात टाइप करायला सांगायचं. कानाशी येऊन ओरडल्याने नाव नीट ऐकू येत नाही, आणि एका कानावर हेडफोन असताना कुणी दुसऱ्या कानात बोललं तर लय जुळवता येत नाही. मिसळणं चालू असलेल्या त्या एका मिनिटात कुणाशीही बोलायचं नाही, नवरदेवाचे मामा आले तरी हाताने ‘थांबा’ एवढंच.

सगळ्यात अवघड भाग लयीचा आहे. समजा १२४ वर चालू आहे आणि मागितलेलं गाणं १०० चं आहे. ते ओढून १२४ वर नेणं म्हणजे २४ टक्के वाढ. की-लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) बंद असेल तर दर सहा टक्क्यांना सूर साधारण अर्धा स्वर चढतो, म्हणजे चार अर्धस्वर चढून गायकाचा आवाज लहान मुलासारखा होतो. की-लॉक चालू ठेवला तर सूर टिकतो, पण आवाज किरकिरा होतो आणि ढोलकीचा ठोका पसरतो. चार-पाच टक्क्यांच्या पुढे गाणं ओढूच नये. खाली उतरताना चालू गाण्याला ४ ठोक्यांचा लूप लावायचा, मग २, मग १, त्यावर एको (प्रतिध्वनी) सोडून थांबायचं आणि नवं गाणं सरळ त्याच्या ओळखीच्या ओळीवर सुरू करायचं. लोक ओरडतात आणि त्या ओरडण्यात लयीचा फरक झाकला जातो.

परत वर येताना मात्र घाई नको. मूळ १०४ चं गाणं उणे ४ टक्के केलं की १०० ला जुळतं. ते वाजत असताना मिनिटभरात हळूहळू अधिक ४ पर्यंत न्यायचं, झालं १०८. मग ११२ चं गाणं १०८ ला धरून ११६ वर सोडायचं, त्यानंतर १२० चं ११६ ला धरून १२४ वर. तीन गाण्यांत आपण परत घरी. या शिड्यांची गाणी आधी निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये नसतील तर ऐनवेळी सापडत नाहीत.

जुन्या सिनेमाच्या गाण्यांत आणखी एक अडचण असते. ती क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, रेकॉर्ड झालेली नाहीत, वादक एकत्र बसून वाजवत होते, लय श्वासाप्रमाणे पुढे-मागे होते. सॉफ्टवेअरने एकच बीपीएम धरून बीटग्रिड (ठोक्यांच्या जागांची आखणी) काढली तर दुसऱ्या कडव्यापर्यंत किक आणि तबला वेगळे पडतात. रेकॉर्डबॉक्स या डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्याला बदलती लय धरणारं डायनॅमिक अ‍ॅनालिसिस लावावं, किंवा सरळ सुरुवातीला आणि शेवटी चार-चार ठोक्यांचे लूप करून आत-बाहेर व्हायची जागा पक्की करावी. सहा मात्रांच्या चालीची गाणी तर मिसळूच नयेत. प्रत्येक ठोक्याचे तिथे तीन भाग होतात, हाउसमध्ये चार. ठोके जुळले तरी आतले हायहॅटचे (झांजेचे) बारीक ठोके एकमेकांवर आदळतात. तिथे टप्पा संपवून कापणंच बरं.

सुरांचंही तसंच. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी आहेत, जवारीतला, म्हणजे तारेच्या झंकारातला, बारीक फरक ओळखणारे कान या भागात आहेत. बेसूर मिक्स इथे पटकन पकडलं जातं. कॅमेलॉट चक्रात, म्हणजे प्रत्येक पट्टीला आकडा आणि अक्षर देणाऱ्या तक्त्यात, ८ए च्या गाण्यानंतर ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी घ्यावं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जुन्या गाण्यांचा सूर टेपच्या वेगामुळे दोन स्वरांच्या मधे अडकलेला असतो, आणि तिथे सॉफ्टवेअर सांगतं ती पट्टी खोटी ठरते. अशा गाण्यावर दुसऱ्या गाण्याचे सूर चढवायचे नाहीत, फक्त तालवाद्यं.

‘माझ्या मोबाइलवर आहे, वायर लाव’ ही फर्माईश नम्रपणे नाकारावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली फाइल बऱ्याचदा दाबून लहान केलेली असते. कानातल्या इअरफोनवर ते कळत नाही, मोठ्या टॉपवर झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. त्यात गाण्याच्या मध्येच फोन वाजला तर रिंगटोन सगळ्या साउंडवर जाते, आणि ब्लूटूथवर तर आवाज उशिरा येतो, लय जुळवणं अशक्य. ऐनवेळी नेटवरून उतरवण्याचा भरवसा कासच्या पठारावर किंवा महाबळेश्वरच्या घाटातल्या रिसॉर्टवर धरता येत नाही, रेंज जाते. त्यामुळे कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी यजमानांकडून दोन याद्या घ्याव्यात: हवीतच अशी दहा गाणी, आणि नकोतच अशी. दुसरी यादी लोक विचारल्याशिवाय देत नाहीत, पण घरात कुणाला कोणत्या गाण्याचा त्रास होतो ते तिथे कळतं. ही गाणी विकत घेऊन ३२० केबीपीएसमध्ये ठेवावीत, मिनिटाला सुमारे २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. प्रत्येकाच्या सुरुवातीला १६ बारची साधी किक जोडावी, ओळखीच्या ओळीवर हॉट क्यू (बटण दाबताच गाणं तिथून सुरू होईल अशी खूण) ठेवावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्येच फॉरमॅट करावा, जुने बरेच प्लेअर एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचत नाहीत.

‘आवाज वाढव की रं’ ही फर्माईश सगळ्यात जास्त येते आणि तिच्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. डीजेच्या हातात अमर्याद आवाज आहे हा समज चुकीचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट ताकद लागते. मिक्सरचा दिवा लाल गेला की लाटेचं टोक सपाट होतं, वरच्या पट्टीत जादा ऊर्जा तयार होते आणि आधी टॉपमधला ड्रायव्हर जळतो. मिक्सर नारिंगीच्या पहिल्या दिव्यापर्यंतच ठेवावा. आवाज वाढल्यासारखा वाटायला हवा असेल तर ८ बार बेस पूर्ण काढावा आणि टप्प्याच्या पहिल्या ठोक्यावर परत सोडावा. काही सेकंदांच्या पोकळीनंतर तोच बेस मोठा लागतो, साउंडवरही ताण येत नाही. कानांचंही गणित आहे: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लहान मुलं टॉपसमोर नाचत असतील तर गाणं चालू असतानाही त्यांना मागे न्यायला सांगावं. यात मला भीड योग्य वाटत नाही.

‘लॅपटॉपच सगळं करतो’ हाही समज. सिंक बटण ठोके जुळवतं, तेही बीटग्रिड बरोबर असेल तरच. कोणतं गाणं, कोणत्या टप्प्यावर, कधी बाहेर पडायचं, हे त्याला ठाऊक नसतं. सिंक वापरायला माझी हरकत नाही, त्यातून हात मोकळे होतात आणि समोर बघता येतं. ‘गाणं कधी सुरू होणार?’ असं कुणी विचारलं तर तो प्रश्न प्रामाणिक असतो. डीजेसाठी बनवलेल्या गाण्याची पहिली ३२ बार नुसतीच ताल असतात, मिसळायला म्हणून. घरगुती कार्यक्रमात ती ८ वर आणावीत.

हे संगीत परकं आहे असंही ऐकू येतं. हाउस शिकागोचं, टेक्नो डेट्रॉइटचं, हे खरंच आहे. पण १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ (बेस वाजवणारं) आणि टीआर-८०८ (ताल वाजवणारं) या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले होते, आणि पुढे अ‍ॅसिड हाउसचा आवाज घडला तो याच ३०३ वर. विचारणाऱ्याला हे सांगावं, जमलं तर पुढच्या गाण्यात त्या यंत्राचा आवाज ऐकवावा.

राहिली वेळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती ठरावीक सणांना मिळते, आपल्या हळदीला नाही. फर्माईशींचा पूर साडेनऊनंतर येतो, तेव्हा बाकीचे जेवून परत येतात. त्यासाठी सव्वानऊलाच यजमानांना विचारून शेवटची पाच गाणी ठरवावीत आणि नव्या मागण्या तिथे थांबवाव्यात. शेवटचं गाणं ९:५३ ला सुरू. ९:५८ ला फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली आणून माइकवर नवरा-नवरीचं नाव घ्यायचं, जेवणाची पंगत कुठे चालू आहे ते सांगायचं. साउंडवाल्याला आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करू द्यायचे आणि मगच आपला मिक्सर, नाहीतर शेवटचा मोठा ‘धप्प’ आवाज दहा वाजताच शेजाऱ्यांच्या खिडकीवर जातो.