रंग उडालेली प्रिंट

डबा उघडला आणि आंबूस वास नाकात शिरला. लंडनच्या एका छोट्या थिएटरात मी ऑपरेटर आहे. जुनी ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा व्हिनेगरचा वास सुटतो, आणि तो आला की माझा दिवस वाया जाणार हे ठरलेलं.

रात्री खेळ होता 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'चा. 1957 चा, हॅमर या ब्रिटिश कंपनीचा सिनेमा. पीटर कुशिंग बॅरन फ्रँकेन्स्टाइन, आणि त्याने मढ्यांचे अवयव जोडून उभा केलेला जीव म्हणजे ख्रिस्तोफर ली. आधीच्या सिनेमातल्या, युनिव्हर्सल या अमेरिकी स्टुडिओच्या राक्षसाचा तो चपटा माथा वापरायची सोय नव्हती, म्हणून मेकअपवाल्या फिल लीकीने लीला मढ्यासारखा पांढुरका, शिवणी उसवल्यासारखा चेहरा दिला. काळ्यापांढऱ्या भुतांना सरावलेल्या लोकांना या सिनेमाने रक्त लालभडक दाखवलं. खरी जादू तीच.

रीळ रिवाइंडरवर चढवलं, हातमोजे घातले, फिल्म दिव्यावर धरली. सगळं गुलाबी. जुन्या ईस्टमनकलर फिल्ममधला निळा-हिरवा रंग आधी उडतो, मागे उरतो किरमिजी. आभाळ गुलाबी, प्रयोगशाळा गुलाबी. तोंडावरच्या पट्ट्या ओरबाडतो त्या शॉटमध्ये राक्षस न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा दिसत होता. तीट लावायची तेवढी बाकी होती.

जंगलात त्याच्या डोळ्यात गोळी बसते. तो डोळ्यावर हात दाबतो, बोटांतून रक्त येतं. ती फ्रेम भिंगाखाली घेतली. बोटंही गुलाबी, रक्तही गुलाबी. कुठलं काय, कळेना.

प्रिंट पाठवणाऱ्याला फोन लावला. ''थोडी फिकट आहे,'' म्हणाला. थोडी! तिकिटं विकली गेली होती. चार जोड नव्याने चिकटवले, फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं दुरुस्त केली आणि खेळाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं, रंग गेलाय, सांभाळून घ्या.

खेळ सुटल्यावर एक आजोबा थांबले. तेव्हा सिनेमाला एक्स सर्टिफिकेट होतं, सोळा वर्षांखालच्यांना बंदी. हे चौदाव्या वर्षी मोठ्या भावाचा कोट घालून घुसले होते म्हणे. ''रंग गेला कुठे म्हणता?'' ते माझ्यावरच चिडले. ''बोटांतून रक्त आलं ते तस्संच होतं की, लालभडक!''

मी मान डोलावली. रात्री रीळ गुंडाळताना तो शॉट पुन्हा दिव्यावर धरून बघितला.

गुलाबीच.