प्रकार ४

१२ जानेवारी २०२१. सकाळी पावणेसातला फोन आला. "अहो, पडद्यावर नुसता एक गोल आलाय, त्यात इंग्रजी आय. खोकी कुठे गेली?"

बोलत होते औषधं वितरित करणाऱ्या एका गोदामाचे पर्यवेक्षक. कोणतं खोकं कोणत्या गाडीत आणि कोणत्या क्रमाने चढवायचं, हे त्यांच्याकडे ज्या पडद्यावर ठरतं, तो मी २००९ मध्ये फ्लेक्समध्ये, म्हणजे फ्लॅशवर चालणारे पडदे बांधायच्या ॲडोबीच्या साधनात, बांधला होता. माउसने खोकं उचलून गाडीच्या चित्रात सोडलं की वजनाचा पट्टा सरकायचा, उतरवण्याचा क्रम आपोआप बदलायचा, न चालणारी जागा लाल व्हायची. पहिली गाडी आठला सुटायची होती.

गोल पाहायची मला गरजच नव्हती. असे पडदे ब्राउझरमध्ये चालवणारा फ्लॅश प्लेयर २०२० च्या अखेरीस बंद करणार, हे ॲडोबीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. १२ जानेवारीपासून काहीही चालवायला नकार द्यायचा, हे प्लेयरमध्येच लिहून ठेवलेलं होतं. सर्व्हर चालू, डेटाबेस शाबूत, प्रत्येक संगणकावर प्लेयर जागेवर, तरी पडदा रिकामा. मी दोनदा पत्र लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, "सध्या चालतंय ना?" त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ब्राउझरच्या माथ्यावर इशाऱ्याची पट्टी यायची, ती बंद करून काम करणाऱ्या ऑपरेटरांना मात्र मी दोष देणार नाही. मागे गाडी उभी असताना पट्टी कोण वाचत बसेल?

आठची गाडी कागदावर आखून गेली. मग मी एमएमएस.सीएफजी ही प्लेयरच्या सेटिंगची फाइल हातात घेतली. संस्थांसाठी एक पळवाट ठेवलेली होती: या फाइलमध्ये परवानगीची यादी सुरू करून आपल्या सर्व्हरचा पत्ता घातला की प्लेयर तेवढ्या पत्त्यापुरता चालतो. फाइलची जागा प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी, आणि पत्त्यात एखादं चिन्ह चुकलं तर कसलीही तक्रार न करता तोच गोल पुन्हा समोर. दुपारी दोनला खोकी परत दिसली. पण क्रोमची पुढची आवृत्ती आठवड्यावर आली होती आणि तिच्यातून फ्लॅश पूर्णच काढलेला होता. अद्ययावतन थांबवून किती दिवस ढकलणार?

नव्याने बांधायला मूळ कोड हवा होता, आणि तो कुणाकडेच नव्हता. मधल्या वर्षांत देखभालीचं कंत्राट दोनदा बदललं आणि जुना कोड ज्या मशीनवर होता ते भंगारात गेलं. उरली होती एकच एसडब्ल्यूएफ फाइल, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून प्लेयरसाठी बनवलेली. तिची पहिली तीन अक्षरं सीडब्ल्यूएस, म्हणजे पहिले आठ बाइट सोडून बाकी सगळं झेडलिब या फाइल लहान करायच्या पद्धतीने दाबलेलं. ते उलगडून डीकंपायलरला, म्हणजे तयार फाइलमधून कोड परत काढणाऱ्या साधनाला, दिलं. क्लास आणि फंक्शनची नावं जशीच्या तशी बाहेर आली. फंक्शनच्या आतल्या चलांची नावं मात्र गेलेली, त्यांच्या जागी नुसते क्रमांक. सर्व्हर उत्तरं द्यायचा एएमएफ या फ्लॅशच्या माहिती पाठवायच्या स्वरूपात, तीही वाचावी लागणार होती. त्या स्वरूपात पूर्णांकाला २९ बिट मिळतात. त्यात न मावणारा आकडा दशांश संख्येच्या रूपात जातो. खोक्यांचे काही क्रमांक या मर्यादेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. एकाच यादीत दोन प्रकारचे आकडे पाहून ती उत्तरं वाचणारा माझा कोड कोलमडला, आणि हे लक्षात यायला मला जवळजवळ अख्खी संध्याकाळ लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एएमएफचं तपशीलपत्रक २००७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं होतं आणि एसडब्ल्यूएफच्या तपशिलावरची बंधनं २००८ मध्ये उठली होती. ते कागद उघडे नसते तर माझा निभाव लागला नसता. पण कागद उघडा असणं आणि मानक खुलं असणं यात मोठं अंतर आहे. जगभर चालणारा प्लेयर एकाच कंपनीचा होता आणि तिने तो थांबवला. वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल वेगवेगळ्या ब्राउझरांनी आपापल्या कोडने राबवलेलं असतं. त्यातला एक उद्या मिटला तरी पान उघडतं.

हे मला २००९ मध्ये एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. "नकाशा ओढता येतो ना ब्राउझरमध्ये? मग खोकी का नाही येणार?" २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यापासून तो हेच म्हणायचा. मी त्याला मोजून दाखवलं: गोदामात इंटरनेट एक्सप्लोरर ६, त्याला ना कॅनव्हास, ना एसव्हीजी (पानातच चित्रं काढायची दोन तंत्रं). नुकत्याच आलेल्या आठव्या आवृत्तीतही दोन्ही नव्हती. दोनशे खोकी हलवली की पान गोठायचं. मी वाद जिंकलो. पडद्यापुरतं मी आजही म्हणेन की तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण मी नियमही त्याच फाइलमध्ये कोंडले: शीत खोकी दाराजवळ का, काचेच्या बाटल्यांवर किती थर, कोणत्या थांब्यावर किती वेळ. सर्व्हर फक्त यादी द्यायचा. ते नियम सर्व्हरवर ठेवायला मला कोणी अडवलं नव्हतं. आळस म्हणा, घाई म्हणा, मी ते केलं नाही.

त्याच फोल्डरमध्ये त्या सहकाऱ्याने लिहिलेलं मदतीचं पान सापडलं. साधं एचटीएमएल, कडा आखलेली तीन कोष्टकं. दुहेरी क्लिक केलं आणि ते उघडलं. फोनवरही उघडलं. त्यात जवळजवळ सगळे नियम कारणांसह होते. कोडमधलं एकेक फंक्शन मी त्या पानाशी ताडून पाहत गेलो.

नवा पडदा एसव्हीजीवर बांधला. एचटीएमएल ५ चं ओढा-सोडा मी घेतलं नाही. ते मुळात इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधल्या पद्धतीवरून घेतलेलं आहे, आणि खोकं ठेवायला परवानगी द्यायची तर ब्राउझरचं नेहमीचं वागणं रोखावं लागतं. हा उलटा विचार मला कधीच पटला नाही. पॉइंटर इव्हेंट वापरले. माउस, बोट, लेखणी, सगळ्यांना एकच कोड. चाचणीच्या दिवशी एका ऑपरेटर बाईंनी सहज कंट्रोल-एफ दाबून खोक्याचा क्रमांक टाइप केला आणि खोकं सापडलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे आधी का होत नव्हतं?" जुन्या पडद्यावरची अक्षरं ब्राउझरच्या लेखी अक्षरंच नव्हती, हे त्यांना सांगताना मला जड गेलं. बारा वर्षं त्या डोळ्यांनी शोधत होत्या.

एका ओळीचा मात्र उलगडा झाला नाही. थांब्याचा प्रकार ४ असेल आणि शीत खोकी एकाहून जास्त असतील, तर थांबण्याची वेळ २० मिनिटांनी वाढव. मदतीच्या पानात प्रकार तीनच आहेत; चौथा नंतर आला असणार. आज डेटाबेसमध्ये प्रकार ४ चा एकही थांबा नाही. तेव्हाचे पर्यवेक्षक निवृत्त झालेत, त्यांनाही काही आठवलं नाही. ओळ माझीच आहे, लिहिण्याच्या ढबीवरून मला कळतं. वर टिप्पणीही असणार, कारण असा नियम मी कधी टिप्पणीवाचून सोडत नाही. पण कंपायलर टिप्पण्या टाकून देतो.

नव्या कोडमध्ये ती ओळ मी घातली आहे. वर लिहिलंय: जुन्या फाइलमधून घेतली, कारण सापडलं नाही. परवा कोड तपासताना एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "हे मृत आहे, काढू का?" मी म्हटलं, राहू दे. वीस मिनिटं कुणासाठी थांबायचं होतं, ते मला अजून आठवत नाही.