परकायाप्रवेश, थिएनछी ६ : प्रकरण १८ पर्यंतची नोंद

कादंबरीच्या ४० प्रकरणांच्या आराखड्यातली १८ पक्की झाली. काळ मिंग राजवटीचा, थिएनछी सम्राटाचं सहावं वर्ष, म्हणजे इ.स. १६२६. स्थळ बीजिंग. आजचा एक तरुण महसूल खात्यातल्या कारकुनाच्या देहात जागा होतो आणि गाठ पडते ती जिनयीवेईच्या, सम्राटाच्या खास पहारेदलाच्या, एका छ्येनहूशी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याशी. दानमेई आहे, म्हणजे दोन पुरुषांची चिनी धाटणीची प्रेमकथा, त्यामुळे कथा या दोघांचीच. तुरुंग, छळ आणि सत्तेच्या दडपणाखाली सुरू झालेलं नातं, हे सगळं त्यात आहे. तशी सूचना पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर आणि नवव्याच्या तोंडाशी पुन्हा दिली आहे.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो ‘तो’ने. दोन्ही नायक पुरुष, म्हणजे दोघेही ‘तो’. पहिल्या खर्ड्यातलं वाक्य : ‘त्याने त्याचा हात धरला. तो थरथरत होता.’ कोण थरथरतंय? धरणारा, धरलेला की हात? तिन्ही अर्थ लागतात. निवेदनात छ्येनहूला ‘ते’ केलं आणि हाताचं मनगट केलं : ‘त्यांनी त्याचं मनगट धरलं. ते थरथरत होतं.’ व्याकरण सुटलं, पण ‘त्यांनी’च्या पाठोपाठ ‘ते’ आल्यावर वाचताना डोळा अडखळतोच. शेवटी ठेवलं ते असं : ‘त्यांनी त्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती.’ प्रणयाच्या प्रसंगांत सर्वनामाऐवजी शरीराचा स्त्रीलिंगी किंवा नपुंसकलिंगी शब्द पुढे आणला की निम्मा गोंधळ संपतो.

या ‘ते’चा दुसरा फायदा कथेला झाला. प्रकरण २४ मध्ये निवेदन पहिल्यांदा छ्येनहूला ‘तो’ म्हणेल आणि नातं बदलल्याचं वेगळं सांगावं लागणार नाही. संवादात मात्र उलटा प्रवास आहे. अधिकारी कारकुनाला सुरुवातीपासून ‘तू’ म्हणतो, पण तो हुद्द्याचा तू. म्हणून त्याची माया दिसायला हवी ती चारचौघांत ‘तुम्ही’ म्हणण्यातून आणि कारकुनाचं आदरनाम घेण्यातून. हे आदरनाम पुरुषाला विसाव्या वर्षी टोपी-विधीच्या वेळी मिळतं. बरोबरीच्या माणसाला मूळ नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. ते नाव एकांतासाठी राखून ठेवलंय.

‘हुजूर’, ‘सरकार’, ‘खाविंद’ सगळीकडून काढले. हे शब्द आले की वाचक थेट शनिवारवाड्यात पोचतो. ‘दारेन’ हे अधिकाऱ्याला मान देणारं चिनी संबोधन तसंच ठेवलं. खोजे स्वतःला ‘नूछाय’ म्हणत होते, तेही बदललं. ती मिंगनंतरच्या छिंग दरबारावरच्या मालिकांमुळे लागलेली सवय. मिंग दरबारातले खोजे स्वतःला ‘नूबी’ म्हणत.

तारखांची चूक मोठी होती. ३० मे १६२६ च्या सकाळी शहराच्या नैर्ऋत्येला वांगगोंगछांग दारूगोळा कारखान्यात भीषण स्फोट झाला. चिनी पंचांगाने तो पाचव्या महिन्याचा सहावा दिवस, त्वानवू सणाच्या दुसऱ्याच दिवशीचा. म्हणून प्रकरण १७ मध्ये दारावर दवण्याच्या कुळातल्या पाल्याच्या जुड्या आहेत आणि पानात बांधलेला चिकट भात आहे. इथवर ठीक होतं. पुढे मात्र महिने सरळ मोजले, आणि त्या वर्षी सहावा महिना अधिक होता, आपल्या अधिक महिन्यासारखाच. त्यामुळे स्फोटानंतरचं सगळं एक महिना आधी घडत होतं. दरबारातला बलाढ्य खोजा वेई चोंगश्येन, याच्या हयातीतच त्याचं देऊळ बांधण्याची मागणी चच्यांग प्रांताच्या सुभेदाराने केली ती याच अधिक महिन्यात. तो प्रसंग आता तिथे हलवलाय.

प्रकरण ९ मधल्या तुरुंगात कारकुनाची बोटं दोरीने ओवलेल्या काठ्यांच्या पेचात आवळली जातात. दोनच प्रकरणांनंतर, म्हणजे कथेतल्या आठ दिवसांनी, तो कुंचल्याने पत्र लिहीत होता. मोडलेली बोटं सांधायला पाच-सहा आठवडे लागतात. आता पत्र दुसरा कैदी लिहितो, कारकून फक्त अंगठा टेकवतो, आणि पुढे छ्येनहू ते पत्र बघतो तेव्हा अक्षर अनोळखी निघतं.

किरकोळ दुरुस्त्या : मिंग काळातला एक ‘क’, म्हणजे वेळेचं एकक, १४ मिनिटं २४ सेकंद, कारण दिवसाचे १०० भाग. रात्रीचा तिसरा प्रहर ११ ते १. पुरुषांच्या डोक्यावर अंबाडा आणि त्यावर जाळीची टोपी. वेणीची सक्ती १६४५ पासूनची. जेवणातली मिरची काढून तिरफळाच्या भाऊबंदातलं सिचुआनी मिरं घातलं. मिरची तेव्हा चीनमध्ये नवखी होती. गोव्यात ती पोर्तुगीजांनी आणली, तसंच तिकडेही तिला समुद्रावरूनच यावं लागलं.

अडलंय ते प्रकरण १९. स्फोटाआधी कारकुनाने तीन घरं रिकामी करवली आणि माणसं वाचली. पण मिंग कायद्यात अशुभ भाकितं पसरवणाऱ्याला शिरच्छेदाची सजा आहे, आणि असल्या गुन्ह्याचा माग काढणं हे छ्येनहूचं कामच आहे. त्याने स्वतः अटक करायची की साक्षीदार गायब करायचे? दोन्ही खर्डे चालू आहेत. दुसऱ्यात तीन घरांतली माणसं मरतात, आणि कारकुनाला ते प्रकरण ३१ पर्यंत कळत नाही.