सांबाऱ्यात घेवडा कुठून आला?

परवा जेवताना तुम्ही विचारलंत, "सांबारं काळ्या वाटाण्याचं असतं ना? मग यात घेवडा कसा?" सांबारं म्हणजे आमचं कोकणातलं वाटप लावलेलं कालवण. आमच्याकडे पहिल्यांदा जेवणारा मालवणी माणूस हे विचारतोच. साताऱ्याकडचं कोणी असलं तर प्रश्न उलटा येतो: घेवड्याच्या आमटीत आमसूल कशाला आणि बडीशेपेचा वास कुठून? त्या दिवशी मी "आजीची पद्धत" एवढंच म्हटलं. ते खरं होतं, पण अर्धवट होतं. तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून आता नीट सांगते.

आजी देवगड तालुक्यातली. तेव्हा तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला. 1938 साली लग्न होऊन ती बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरली आणि लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आली. बरोबर उकड्या तांदळाचं गाठोडं, डबाभर सोलं, म्हणजे आमसुलं, आणि तिच्या आईने कुटलेला वर्षाचा मसाला. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 1955 साली छातीच्या दुखण्याने गेले. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. गावी परतून भावांच्या दारात बसायचं नाही, हे आजीने बाराव्याच्या आतच ठरवलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. येत होता तो स्वयंपाक. तिने खानावळ घातली.

गिरणगावात तेव्हा घरोघरी अशा बायका होत्या. कामगार बायकापोरं गावी ठेवून आलेला असायचा, एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला कुठल्या तरी मावशीकडे जायचे. आमच्याकडे बावीस जण होते. निम्मे आमच्या कोकणातले, बाकीचे घाटावरचे: कोरेगाव, पाटण, एखाद-दुसरा कोल्हापूरकडचा. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. म्हणजे पहाटे डबे, दुपारी दोनला एक पंगत, चारनंतर दुसरी, रात्री साडेदहाला तिसरी. मी लहानपणी तिच्या मागे पाट मांडायचे. कोणी गप्पांत रेंगाळलं की ती म्हणायची, "जेवान घे आधी, भोंगो वाजतलो." मला अजूनही जेवायला उशीर झाला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

आता सांबाऱ्याचं. घाटावरच्या माणसाला कोकणी कालवण पहिल्या घासाला गोडमिट्ट लागतं, कारण त्यात खोबरं. कोकणातल्या माणसाला घाटी आमटी नुसती घसा जाळणारी वाटते. एकाला उकडा भात, दुसऱ्याला जोंधळ्याची भाकरी. बावीस माणसं आणि रॉकेलचा एकच मोठा स्टो. रॉकेल रेशनवर, तेही मोजून. दोन तऱ्हांची दोन पातेली लावणं शक्यच नव्हतं. आजीने पातेलं एकच ठेवलं आणि त्यात सगळ्यांना बसवलं.

ती आधी भाकरी शिकली. तांदळाची भाकरी तिच्या हातची होतीच, पण जोंधळ्याचं पीठ वेगळं. परातीत थापता थापता कडा फुटायच्या. शेजारच्या खोलीतल्या पाटणच्या बाईने तिला तळहाताच्या कडेने फिरवायला शिकवलं. मग मसाला. आपला मसाला म्हणजे बेडगी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नाकेशर, हळकुंडं, सगळं भाजून लालबागच्या डंकावर कुटून आणलेलं. घाटावरच्यांच्या बायका उन्हाळ्यानंतर गावाहून कांदा-लसूण मसाला पाठवायच्या. तो आपल्या नवऱ्याच्या ताटात पडावा ही त्यांची इच्छा. आजीने कोणाचा डबा वेगळा ठेवला नाही. सगळे डबे एका बरणीत रिकामे केले आणि कालवणात एक डाव आपला, एक डाव त्यांचा घालायला लागली.

ओलं खोबरं बावीस जणांना परवडत नसे. आठवड्यातून दोनदाच नारळ फुटायचा. एरवी वाटपाला चांगला काळपट होईपर्यंत भाजलेला कांदा, थोडं सुकं खोबरं आणि दाटपणाला मूठभर फुटाण्याची डाळ. आमचं वाटप पातळ का, असंही तुम्ही विचारलं होतंत. ते यामुळे. आज मला रोज नारळ परवडतो. पण तो घातला की सांबारं दुसऱ्या कोणाच्या तरी घरचं लागतं.

घेवडा मात्र उशिरा आला आणि त्यामागे दोन संप आहेत.

1974 साली गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. मी सात वर्षांची होते. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. पण आजीने, आणि आसपासच्या सगळ्याच मावश्यांनी, पंगती थांबवल्या नाहीत. उधारीवर तांदूळ आणले, उधारी संपल्यावर पाटल्या गहाण टाकल्या. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं येतात, मोर्चे येतात. त्या बेचाळीस दिवसांतल्या पातेल्यांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं याचं मला वाईट वाटतं, कारण माणसं टिकली ती त्यांवर. पुढच्या वर्षी, 1975 साली, प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मुळात कामगार चळवळीतल्या, त्याआधी गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारातून बाहेर काढून बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हा त्यांचा ध्यास. आजीलाही मिळालं. अंगठा उठवायचा नाही म्हणून ती माझ्या पाटीवर आठ दिवस सही गिरवत होती. त्या पैशांतून तिने पाटल्या सोडवल्या आणि एक पितळेचं मोठं पातेलं घेतलं. तुम्ही परवा जिच्यातून वाढून घेतलंत ती कढई नवी. ते पातेलं वर माळ्यावर आहे.

18 जानेवारी 1982 ला दुसरा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिने. आजीने चौऱ्याहत्तरसारखंच केलं. मी पंधरा वर्षांची, तिच्या वहीत हिशेब लिहायचं काम माझ्याकडे. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात एकेक जण गावी जायला निघाला. निघताना प्रत्येक जण वहीतला आपला आकडा विचारून घ्यायचा. आजी म्हणायची, "मगे बघू." पावसाळ्यात आमच्या खोलीत सहाच पाट पडायचे, गणपतीनंतर तेही नाहीत. तो संप कोणी मागे घेतल्याचं जाहीर झालंच नाही. संपल्याचा दिवस नसल्यामुळे आजी कितीतरी महिने दोन-चार माणसांचं जास्तीचं पीठ मळून ठेवत होती.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी कोरेगावकडचे एक काका दारात उभे राहिले. थ्रॉसलखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, आमच्याकडे अकरा वर्षं जेवले. खांद्यावर पोतं. त्यांच्याकडे वाघ्या घेवडा चांगला होतो, अंगावर लालसर पट्टे असलेला. "मावशी, पैसे नाहीत. रानात एवढंच झालं," म्हणाले. आजीने पोतं उतरवून घेतलं, त्यांना पाट दिला आणि मला वही आणायला सांगितली. त्यांच्या नावावर मी रेघ मारली. घरात त्या दिवशी काळे वाटाणे नव्हते, आणायला पैसेही बेताचे. रात्री तिने तो घेवडा भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं सांबारं केलं: काळपट कांद्याचं वाटप, दोन्ही मसाले, शेवटी चार सोलं. काका चार भाकऱ्या जेवले. पुढे ते दर दिवाळीनंतर येत राहिले, आजी 1996 साली गेली तोपर्यंत. आता त्यांचा मुलगा डोंबिवलीला आमच्याकडे पोतं पाठवतो. आपल्या वडिलांच्या नावावर रेघ कधीच पडली, हे मी त्याला सांगितलं आहे. तरी पाठवतो.

वही माझ्याजवळ आहे. सतरा नावांवर रेघ नाही. त्यांतल्या कोणाबद्दल आजीच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही, फक्त पाऊस लांबला की ती एकेकाच्या गावाचं नाव घेऊन "थंय पडलो आसात काय?" म्हणायची. म्हणून कोणी "अस्सल मालवणी" किंवा "अस्सल घाटी" असा शब्द वापरला की मला थांबावंसं वाटतं. आमचं सांबारं त्या बावीस जणांनी मिळून केलेलं आहे.

तुम्ही प्रमाणही मागितलं होतंत. तिथे माझी अडचण आहे. आजीला चार माणसांचं प्रमाण कधी माहीतच नव्हतं. तिचं माप पातेल्याच्या काठाखाली चार बोटं. मी पाव किलो घेवड्याला दोन कांदे आणि दोन्ही मसाले दीड-दीड चमचा घेऊन पाहिलं, पण तेवढ्याशा सांबाऱ्याला ती चव येत नाही. म्हणून मी एक किलोच घालते आणि मजल्यावरच्या तिन्ही घरी वाटते. पुढच्या वेळी याल तेव्हा डबा घेऊन या.