मेलमध्ये "जरा" कुठे लिहायचं?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, परचेसला आहे मी, दिवसाला चाळीस-पन्नास मेल जातात माझ्याकडून, बोलणं कमी आणि लिहिणंच जास्त असं झालंय.

फोनवर आपण काय म्हणतो, "भाई, ते सर्टिफिकेट जरा बघता का, माल अडकलाय हो." ह्यात "जरा" आहे, "हो" आहे, आवाज आहे. तेच मेलमध्ये इंग्रजीत टाकलं की उरतं फक्त "सेंड सर्टिफिकेट इमिजिएटली", आणि वाचणाऱ्याला वाटतं बाई चिडलीये. आपण मराठी-गुजरातीत विचार करतो, लिहितो इंग्रजीत, आणि सगळा गोडवा मधल्यामध्ये गळून जातो.

मागच्या वर्षी एका सप्लायरकडून टेस्ट सर्टिफिकेट येत नव्हतं. संध्याकाळी सात वाजता, दमलेली असताना, मी लिहिलं, "व्हाय नॉट सेंट? थर्ड रिमाइंडर." वर सीसीत त्यांचे साहेब. दहा मिनिटांत त्या भाईंचा फोन, "बेन, में तो बे वखत मोकल्युं छे, स्पॅममां जुओ ने." दोनदा पाठवलं होतं त्यांनी, दोन्ही मेल माझ्या स्पॅममध्ये पडलेले! साहेबांसमोर ज्यांची चूक काढली ते माझ्याशी बोलताना अजूनही "जुओ ने" म्हणत होते, आपल्या "बघा ना"सारखंच. मला फार लागलं ते. लगेच त्याच सगळ्यांना मार्क करून माफी लिहिली, कारण चूक चारचौघांत काढली तर माफी पण चारचौघांतच मागायला हवी ना.

तेव्हापासून माणसाबद्दल लिहायचं सोडलं, कामाबद्दल लिहिते. "यू हॅव नॉट सेंट" असं नाही, "सर्टिफिकेट मला अजून दिसत नाहीये, परत पाठवाल का, गुरुवारी डिस्पॅच आहे." कारण आणि तारीख दिली की घाई आपोआप कळते, "अर्जंट" आणि तीन उद्गारचिन्हं लागतच नाहीत. पेमेंटचं पण तसंच, "बिलात जीएसटी नंबर चुकलाय, पेमेंट होणार नाही" ह्याच्याऐवजी "नंबर दुरुस्त करून पाठवा, आलं की त्याच दिवशी अकाउंट्सला देते". काम तेच पण वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं, आणि नुसतं गोड बोलून काम लांबवणं मला मान्य नाही, म्हणून तारीख मी कधीच गाळत नाही.

आजोबा इथल्या दांडिया बाजारातून पुण्याला पत्रं लिहायचे, "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" झाल्याशिवाय पैशाचा विषय निघायचा नाही. तेवढं लांबण आता कोण वाचणार, पण "नमस्कार भाई" ला दोन सेकंद लागतात.

आणखी एक, जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला ५ सेकंद मिळतात, सेटिंग्जमध्ये जनरलला जाऊन ते ३० करता येतात. मी त्या माफीच्या रात्रीच केले. त्या ३० सेकंदांत सगळ्यात आधी सीसीत कोण आहे ते बघते.