सगळ्यांचाच श्वास वीस कसा?

मेडिकल वॉर्डातले निरीक्षण तक्ते एकापाठोपाठ एक उघडून पाहिले, तर नाडी प्रत्येकाची वेगळी दिसते, रक्तदाब वेगळा दिसतो. मिनिटाला किती श्वास, या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २० हाच आकडा असतो. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाबांचा श्वास २० आणि उद्या सुट्टी मिळणाऱ्या मुलाचाही २०. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात परिसेविका म्हणून काम करताना मी नव्या सिस्टरना आधी हा रकाना दाखवते, कारण दाखल रुग्णाचे हृदय बंद पडण्यापूर्वी त्याची चाहूल पुष्कळदा इथेच लागते. अर्थात कोणी श्वास खरोखर मोजले असतील तर.

घरी किंवा रस्त्यावर माणूस एकाएकी कोसळतो तेव्हा दोष बहुधा हृदयाचाच असतो. वॉर्डात मात्र हृदय बऱ्याचदा सगळ्यात शेवटी हात टेकते. त्याआधी फुप्फुसे थकलेली असतात, आत कुठे तरी रक्तस्राव चालू असतो, संसर्ग अंगभर पसरलेला असतो, किंवा डायलिसिस चुकलेल्या रुग्णाचे पोटॅशियम चढलेले असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, रुग्णालयात हृदय थांबलेल्या रुग्णांपैकी ८४ टक्के रुग्णांची प्रकृती ढासळल्याच्या किंवा नव्या तक्रारींच्या नोंदी त्याआधीच्या ८ तासांतच सापडल्या होत्या. ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या ‘न्यूज’ या, रुग्णाची प्रकृती किती ढासळली ते गुणांत मोजणाऱ्या पद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास, अथवा ८ किंवा कमी श्वास, एवढ्या एकाच गोष्टीला ३ गुण मिळतात आणि बाकी सारे ठीक असले तरी तेवढ्यावरून डॉक्टरांना तातडीने बोलवावे लागते. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते. म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवावे आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहावे. नातेवाइकांचेही ऐकावे. ‘सिस्टर, बाबा कसंतरीच करायलेत, जरा येऊन बघा की’ या वाक्यात वैद्यकीय माहिती काहीच नसते, पण मी त्याला कोणत्याही मॉनिटरच्या बरोबरीने मानते.

आमच्याकडे पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा दंशाची खूणही धड दिसत नाही. पोट दुखते, पापण्या जड होतात, थोड्या वेळाने मान उचलता येत नाही. अशा रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगावे. तासाभरापूर्वी पंचविसापर्यंत गेलेला माणूस आता बारावर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले आहेत. त्याचे हृदय धडधाकट असते. ते थांबते ते ऑक्सिजनअभावी, आणि वेळेवर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावून श्वासनलिकेत नळी टाकली तर ते थांबतही नाही. फवारणीचे औषध प्यालेल्या रुग्णाची कथा थोडी निराळी आहे, कारण तिथे नाडी मंदावते आणि छाती स्रावाने भरून येते, म्हणून ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा हिशेब आणि सक्शन, म्हणजे स्राव ओढून काढणे, दोन्हींवर रात्रभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

इतके करूनही हृदय थांबतेच. हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही आणि १० सेकंदांत मानेची नाडी निश्चितपणे लागत नाही, हृदय थांबले असे समजायला एवढे पुरे आहे. अधूनमधून येणारे आचके, म्हणजे ज्याला नातेवाईक ‘घरघर लागली’ म्हणतात, ते श्वास नव्हेत. डॉक्टर येईपर्यंत रक्तदाबाचा पट्टा बांधत बसणे ही वेळ घालवण्याची सर्वांत सभ्य रीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जवळ जो असेल, सिस्टर असो की वॉर्डातले मामा (मदतनीस कर्मचारी), त्याने मदतीसाठी ओरडून छाती दाबायला सुरुवात करावी. आमच्या लोखंडी खाटांवरच्या गाद्या मध्यभागी इतक्या खचलेल्या असतात की छातीऐवजी गादीच दबते. म्हणून पाठीखाली फळी सरकवावी आणि उंची कमी असेल तर स्टुलावर उभे राहावे. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, दाबणारा ‘मी थकलो नाही’ म्हणाला तरीही.

सिनेमात मॉनिटरवरच्या सरळ रेषेला शॉक देतात. प्रत्यक्षात शॉक लागू पडतो तो थरथरणाऱ्या किंवा अतिवेगाने धावणाऱ्या हृदयाला, आणि तो पहिल्या २ मिनिटांत मिळाला तर वाचण्याची शक्यता लक्षणीय वाढते. वॉर्डात मात्र बहुसंख्य वेळा लय शॉकची नसते. तिथे १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन लवकरात लवकर, नंतर दर ३ ते ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी मागून २० मिलिलिटर सलाईन आणि रुग्णाचा हात थोडा वर उचललेला. आणि दाब चालू असतानाच मूळ कारणाचा शोध.

क्रॅश कार्टला, म्हणजे तातडीच्या औषध-साहित्याच्या गाड्याला, कुलूप लावून किल्ली इन्चार्जच्या पर्समध्ये ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. साठ्यात एक अँप्यूल कमी भरला तर जाब विचारला जातो, या भीतीपोटी ती रूढ झाली. त्यापेक्षा सहज तुटणारे प्लॅस्टिकचे सील लावावे आणि दर पाळीत लॅरिंगोस्कोपचा (नळी टाकताना घसा दाखवणाऱ्या साधनाचा) दिवा पेटतो का, डिफिब्रिलेटर (शॉक देणारे यंत्र) चार्ज आहे का, हे पाहून सही करावी.

नातेवाइकांना सरसकट बाहेर काढणे मला पटत नाही. कोणी तळपाय चोळतो, कोणी तोंडात पाणी घालू पाहतो. पाणी तेवढे ठामपणे थांबवावे, कारण ते सरळ श्वासनलिकेत जाते. जवळच्या एका माणसाला बाजूला उभे राहू द्यावे आणि काय चालले आहे ते त्याला कोणी तरी सांगत राहावे.

नाडी परत आली की सगळे सैल पडतात, आणि पुढची काही मिनिटेच धोक्याची असतात, कारण हृदय पुन्हा थांबू शकते. रक्तदाब सांभाळावा, ईसीजी काढावा, आणि आयसीयूकडे निघण्यापूर्वी ट्रॉलीखालचा ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे ना, हे स्वतः काटा बघून ठरवावे. सिलिंडरची चावी बरोबर घ्यावी, मामांना पुढे पाठवून लिफ्ट अडवून ठेवावी, आणि अंबू बॅग दाबणाऱ्या सिस्टरने वाटेत फाइल, चपला किंवा पिशव्या यांपैकी काहीही हातात धरू नये.