तुम्ही विचारलंत म्हणून: रेंजफाइंडर बिघडलेला कॅमेरा वापरता येतो का?

कपाटातून जुना कॅमेरा निघतो, शटर छान उडतं, पण व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या चौकोनातलं चित्र बाहेरच्या चित्राशी जुळत नाही. मग विचारणा होते, हा आता शोकेसमध्येच ठेवायचा का? मुळीच नाही. हा चौकोन म्हणजेच रेंजफाइंडरची खिडकी. रेंजफाइंडर फक्त अंतर सांगतो, फोकस लेन्स करते. लेन्सवरचे अंतराचे आकडे बरोबर असतील तर रोल आजच भरता येईल.

उदाहरणाला कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ घेऊ. १९७२ चं मॉडेल, ४० मिमीची एफ/१.७ लेन्स. सेल नसला तरी शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं लहानमोठं होणारं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) हाताने लावून हा कॅमेरा चालतो, ही मोठी सोय.

आधी बिघाड ओळखा. लेन्स अनंतावर (∞ खुणेवर) लावून किलोमीटरभर लांबचा टॉवर बघा. दोन चित्रं शेजारीशेजारी दिसली तर आडवी जुळणी सरकलीय, वरखाली दिसली तर उभी. फोकस रिंग फिरवूनही चौकोनातलं चित्र जागचं हलत नसेल तर लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला पोचवणारा आतला दांडा वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलाय, नाहीतर आरशाचा जुना गोंद सुटलाय. चौकोन नुसताच फिका असेल तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्ये ३-४ मिमीचा काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. मुख्य चित्र तेवढ्या जागी काळोखतं आणि चौकोन उठून दिसतो. कॅमेरा न उघडता होणारा हा सगळ्यात चांगला इलाज.

फिका चौकोन नुसता त्रास देतो. खरं नुकसान करतो तो चुकीचा चौकोन. चित्रं जुळलेली दिसतात, आपण निर्धास्तपणे क्लिक करत राहतो आणि अख्खा रोल धूसर येतो. त्यामुळे जुळणीबद्दल जराही शंका असेल तर चौकोनाकडे बघूच नका, अंतर अंदाजाने लावा.

अंदाजाने म्हणजे काय, तर ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) रोल, उघडं ऊन, शटर १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/१६. लेन्स साडेतीन मीटरवर ठेवली की पावणेदोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ढगाळ हवेत एफ/८ वर यावं लागतं. तेव्हा तीन मीटरवर लावलेली लेन्स साधारण २.१ ते ५.४ मीटरचा पट्टा सांभाळते, रस्त्यावरच्या फोटोंना तेवढा पुरतो. एफ/१.७ वर दीड मीटरवरचा चेहरा मात्र अंदाजाने घेऊ नका. तिथे पुढेमागे मिळून जेमतेम १४-१५ सेंटिमीटर हातात असतात. सुताराची टेप वापरा, आणि माप लेन्सच्या काचेपासून नाही, फिल्म जिथे असते तिथपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीजवळून घ्या.

आता दुरुस्ती. सगळ्यांना थेट वरचं झाकण उघडायची घाई असते. त्याआधी लेन्स तपासा, कारण पूर्वी कोणी ती खोलून चुकीची बसवली असेल तर रेंजफाइंडर जुळवून काहीच साधत नाही. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडा. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवर धुरकट अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणून लावा. बाहेरच्या दोन पट्ट्या प्रेशर प्लेटच्या, म्हणजे फिल्म सपाट धरणाऱ्या पत्र्याच्या, त्यांवर लावली तर माप चुकतं. शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, केबल रिलीज (शटरचं बटण दाबून धरणारी वायर) लॉक. लेन्स अनंतावर असताना लांबचा टॉवर पट्टीवर उलटा पण कातीव दिसला पाहिजे. पाहायला लूप (छोटं भिंग) नसेल तर एसएलआरची ५० मिमी लेन्स उलटी धरा.

लेन्स बरोबर निघाली तरच झाकण काढा. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) खाचेचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि खाच खाऊन टाकतो. झाकण हळू उचला, फ्लॅशची वायर त्याला डाखलेली असू शकते. जुळणीच्या स्क्रूंची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. मग टॉवरवर नजर ठेवून एका वेळी आठवा हिस्साच फिरवा. उभी जुळणी केली की आडवी थोडी सरकते, त्यामुळे दोन्ही आलटून पालटून करावं लागतं. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

रेंजफाइंडरमधल्या अर्धपारदर्शक आरशाला कापूस लावू नका. त्याचा मुलामा इतका नाजूक असतो की एका पुसण्यात कायमचा जातो. धूळ ब्लोअरने उडवा, बाकीच्या साध्या काचा हवं तर पुसा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या कॅमेऱ्यात धूसरपणा बहुतेक वेळा याच काचांवर असतो, आरसा शाबूत असतो.

झाकण लावण्याआधी टेपने मोजून एक मीटरवर ठेवलेल्या छापील मजकुरावर पुन्हा तपासा. लेन्सवर एक मीटर लावलं की चौकोनही जुळायला हवा. अनंतावर जुळतं आणि एक मीटरवर नाही, असं झालं तर दांड्याची चाल बदलावी लागते. ते काम अनुभवी मेकॅनिककडे द्या, आणि कोणत्या अंतरावर किती फरक येतो ते कागदावर लिहून सोबत द्या.